आकाश पाहायचं, तर तारीख चंद्राला विचारा

दरवर्षी एका रात्री आम्ही काही शिक्षक शाळेतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना आकाश दाखवायला गावाबाहेरच्या सड्यावर घेऊन जातो. सतरंज्या, थर्मासमधला चहा आणि ओळखीच्या विज्ञान शिक्षकाकडून मागून आणलेली दुर्बीण, एवढाच आमचा पसारा. यंदा जानेवारीत हा कार्यक्रम चांगलाच फसला. चूक सर्वस्वी आमचीच होती.

तारीख ठरवली ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती, त्यात शनिवार, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मुलींना आकाश दाखवायला याहून चांगला दिवस कोणता, असं म्हणून आम्हीच आमची पाठ थोपटली. संध्याकाळी सड्यावर पोहोचलो, तर पूर्वेकडून भलामोठा चंद्र वर येत होता. पौर्णिमा! वर्गात उर्दू शेर शिकवताना ‘चौदहवीं का चाँद’ समजावून सांगणाऱ्या आम्हाला, ती रात्र नेमकी चौदावी आहे हे कॅलेंडरवर पाहायचं सुचलं नव्हतं.

चांदणं इतकं लख्ख की हातातलं पत्रक वाचता येत होतं. ठळक तारे तेवढे दिसले. दुर्बिणीतून चंद्रही सपाट, डोळे दिपवणारा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्याच दिसत नाहीत. देवयानीतला तो धूसर ढग दाखवू, असं मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात ज्याची नोंद ‘छोटा ढग’ म्हणून केली, तोच हा. आज आपण त्याला २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका म्हणून ओळखतो. अंधाऱ्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्या रात्री कुणालाच दिसला नाही.

दहावीतली एक मुलगी पहिल्यांदाच घरून परवानगी काढून रात्री आली होती, सोबत तिची दादी. निघताना ती म्हणाली, “मॅडम, ढग पुढच्या वर्षी बघू.” आता ती तालुक्याच्या कॉलेजात जाते. पुढचं वर्ष आमच्या शाळेत तिच्यासाठी नाही. एक चुकीची तारीख आम्हाला एका रात्रीचा मनस्ताप देऊन गेली. तिची मात्र एकुलती एक संधी गेली.

म्हणून यंदा शाळा उघडल्यावर लगेच तारखेचंच काम हाती घेतलं. एका विद्यार्थ्याचे अब्बा होडीवर जातात. ते हसून म्हणाले, “सर, उधाण कधी, भांग कधी ते आम्हाला विचारायचं होतंत. चंद्राचा हिशेब आमच्या पोटाशी आहे.” खरं म्हणजे हा हिशेब आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेला असतो. हिजरी महिन्याच्या साधारण २३ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत संध्याकाळचं आकाश बरंचसं अंधारं मिळतं. आधी चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, नंतर लवकर मावळतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून या रात्री दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. ‘दरवर्षी अमुक तारखेला’ ही पद्धत आकाशाला चालत नाही.

मग एकेक महिना तपासला. सप्टेंबरपर्यंत पावसाळा. १० ऑक्टोबरला शनिवारीच अमावस्या, म्हणून मन तिकडे धावलं. पण परतीचा पाऊस तोवर गेलेला असेलच असं नाही, शिवाय सत्र परीक्षा तोंडावर. नोव्हेंबरची अमावस्या दिवाळीत. आमचे निम्मे सहकारी आपापल्या घरी, आणि हवेत फटाक्यांचा धूर. फेब्रुवारीत रमजान सुरू होईल. इशानंतर तरावीह, आणि बोर्डाची परीक्षाही त्याच सुमारास.

उरला डिसेंबर. अमावस्या ९ तारखेला, बुधवारी. शनिवार १२ डिसेंबरला चंद्राची कोर साडेआठ-नऊच्या सुमारास मावळेल. म्हणजे आधी कोरीवरचे खड्डे सावल्यांसकट दाखवायचे, मग अंधारात तो ढग, कृत्तिका आणि पूर्वेला वर आलेला मृग. मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या आसपास भरात असतो, त्यामुळे एखाद-दुसरी उल्काही दिसेल, इन्शाअल्लाह. ढग आलेच तर ९ जानेवारीचा शनिवार राखून ठेवला आहे.

पण चंद्राने होकार दिला की काम संपलं, असं नाही. लग्नाच्या तारखा कळाव्यात म्हणून जमाअतच्या हॉलची वही पाहिली. मुलींच्या अम्मींना शाळेत बोलावून विचारलं. वेळ किती हवी, यापेक्षा त्यांचा प्रश्न वेगळा होता: परत कोण सोडणार? त्या प्रश्नातून कार्यक्रमाची वेळ ठरली. इशानंतर सुरुवात, साडेदहाला समाप्ती, दोन रिक्षा थांबलेल्या, आणि प्रत्येक मुलीसोबत घरातलं एक माणूस यायला मोकळीक. हे आम्ही आधी कधी विचारलंच नव्हतं. मुली येत नाहीत, त्यांना आवड नसेल, असं परस्पर ठरवून मोकळे झालो होतो.

तुमच्या मोहल्ल्यात, शाळेत असा कार्यक्रम करायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी चंद्र, मग ऋतू, मग परीक्षा आणि सणवार, आणि पत्रक छापण्याआधी घरातल्या बायकांचा सल्ला. सोबत एक राखीव तारीख हवीच.

कॉलेजात गेलेल्या त्या मुलीच्या घरी आम्ही स्वतः जाऊन १२ डिसेंबर सांगून आलो. दादीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने गोल केला आणि विचारलं, “या वेळी चाँद बघून ठरवलंत ना?”