पुलापलीकडचं घर

वीकेंडला वाशीत चार मित्र भेटले, की गप्पांची गाडी हमखास ईएमआयवर येऊन थांबते. ‘वन बीएचकेसुद्धा परवडत नाही यार!’ असा गळा मीही काढते. मग लोकल पकडते, खाडीपूल ओलांडते आणि पुढचंच स्टेशन येतं, मानखुर्द. तिथे मिलन नगर आहे. एकेकाळी भायखळ्याच्या फुटपाथवर संसार थाटलेल्या कुटुंबांची वसाहत!

ही मंडळी इथवर आली कशी? १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था सुरू केली. १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. म्हणजे नोटीस आली की गाशा गुंडाळा! अशा वेळी स्पार्कनं फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. तोवर ती कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. पाठोपाठ ‘महिला मिलन’ उभं राहिलं. बायका रोज जमेल तशी बचत करू लागल्या.

मला आवडलेला भाग पुढचा. घराचा आराखडा या बायकांनीच ठरवला. मोजमापाला टेप नव्हती, साडी होती. खोली लहान, पण १४ फूट उंच, म्हणजे वर पोटमाळा काढता येईल. मुलं वर, स्वयंपाक खाली. एकदम स्मार्ट! १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयही आले आणि वाट मोकळी झाली.

पण सगळंच गोड नाही. पुढे रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनातही स्पार्क होती. त्या काळात शहरात पुनर्वसनाच्या वसाहती धडाधड उभ्या राहिल्या. त्यातलंच एक मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड. इमारती इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नाही. अशा वसाहतींमधल्या टीबीचा संबंध २०१८ च्या एका अभ्यासानं कोंदट रचनेशी जोडला.

छप्पर दोन्हीकडे मिळालं. फरक एवढाच, की एका ठिकाणी राहणारीला आधी विचारलं होतं, ‘बाई, तुला घर कसं हवं?’

परतताना खाडीवरचा वारा डब्यात घुसला. फ्लॅट बघायला गेल्यावर मी रेट विचारते, पार्किंग विचारते. आता पहिला प्रश्न ठरलाय : खिडकी उघडल्यावर समोर काय आहे?