वार कोठें बदलतो?

परदेशीं गेलेल्या मुलानें वडिलांचें श्राद्ध कोणत्या दिवशीं करावें, हा प्रश्न आतां उंद्रीसारख्या गांवींही निघूं लागला आहे. इकडे शनिवार उजाडतो तेव्हां कॅलिफोर्नियांत शुक्रवारची सायंकाळ असते. मग श्राद्ध शुक्रवारचें कीं शनिवारचें?

आमच्या मतें येथें वाराचा संबंधच नाहीं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरला कीं एक तिथि संपते, आणि तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. तेव्हां मुलानें तेथील अपराह्णीं कोणती तिथि आहे एवढें पाहावें. त्यासाठीं पंचांगही तेथील सूर्योदयास्तांचें हवें. येथील पान धाडून उपयोग नाहीं.

वार मात्र मनुष्यानें मोजलेला. त्याला कोठेंतरी आरंभ द्यावाच लागतो. आमच्या सिद्धान्तकारांची मध्यरेखा लंका-उज्जयिनीवरून जाते. (उंद्री तिच्या पूर्वेस एका अंशाच्या आंतच, चार मिनिटांचाही फरक नाहीं.) त्या रेषेवर मध्यरात्र झाली कीं सर्वत्र एकदमच वार बदलतो, असें सूर्यसिद्धान्ताचें मत. गणितास हें फार सोयीचें. नकाशावर रेघच नको! पण मग नव्वद अंश पूर्वेकडील यमकोटीस वार सकाळीं सहाला बदलणार, आणि पृथ्वीच्या पलीकडील सिद्धपुरीं भर दुपारीं. पंक्तीला बसावें सोमवारीं आणि आंचवावें मंगळवारीं, हें कोणत्या गृहिणीला रुचेल?

जगानें ही अडचण घड्याळांतून काढून पॅसिफिक महासागरांत नेऊन ठेविली. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेनें ग्रीनिचचें याम्योत्तर मूळ मानिलें. दिनरेषा मात्र तिनें आंखली नाहीं, आणि पुढेंही तसा सर्वराष्ट्रीय करार झालेला नाहीं. रेषा १८० अंशांच्या आसपास राहते खरी, परंतु आपला वार कोणता हें ज्याचें तें राष्ट्र ठरवितें. फिलिपाइन्स बेटें स्पेनच्या ताब्यांत व त्यांचें दळणवळण मेक्सिकोमार्गें, म्हणून तेथें अमेरिकेचा वार चाले. १८४४ सालीं ३१ डिसेंबर गाळून तो आशियाशीं जुळविला गेला. सामोआनें १८९२ सालीं ४ जुलै दोनदां मोजला. पुढें २०११ सालीं, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांशीं व्यवहार सोपा व्हावा म्हणून, ३० डिसेंबरचा शुक्रवार अजिबात गाळला. शेजारचें अमेरिकन सामोआ जुन्याच वारावर राहिलें. त्या शुक्रवारीं सामोआंत कोणाचें श्राद्ध असतें, तर तें चुकलें नसतें. गुरुवारनंतर जो दिवस उजाडला त्याच दिवशीं आलें असतें, नांव तेवढें शनिवार.