रिपोर्टमधली पुढची ओळही वाचूया

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण बायका एकच आकडा बघतो, हिमोग्लोबिनचा. तो १२ च्या खाली असला की ‘रक्त कमी आहे’ म्हणायचं, बीट-खजूर सुरू करायचं आणि रिपोर्ट कपाटात साड्यांखाली! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे ‘हे तर सगळ्यांनाच असतं’ असंही वाटतं.

पण मैत्रिणींनो, कारण सगळ्यांचं एकच नसतं. बचत गटातल्या बायकांना मी रिपोर्टमधल्या आणखी दोन ओळी बघायला सांगते. एक आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या. दुसरी एमसीव्ही, म्हणजे त्या पेशींचा सरासरी आकार. हा आकडा साधारण ८० ते १०० असावा. १०० च्या वर असेल तर पेशी मोठ्या. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडत असू शकतं. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान. बहुतेक वेळा लोह कमी. पाळीत जास्त रक्त जाणं हे त्याचं मोठं कारण, आणि नेमकं तेच आपण डॉक्टरांना सांगत नाही.

मात्र पेशी लहान आणि संख्या जास्त, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यावी. हा आजार नव्हे, आईवडिलांकडून आलेली रक्ताची ठेवण. बाईला सहसा त्रास नसतो, लोहाच्या गोळ्यांनीही फरक पडत नाही. पण नवराही मायनर असेल तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. अशा बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीत हे कळतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलचे वाहकही त्यातच कळतात.

लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो. रक्ततपासणीचं नाव काढलं की मुलीतच खोट शोधली जाते. हे थांबायला हवं. तपासणी दोघांचीही व्हावी. एकजण वाहक असेल तर काळजीचं कारण नाही. दोघंही असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावं; गर्भातल्या बाळाची तपासणी करता येते.

तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट सोबत न्या आणि न संकोचता विचारा, “डॉक्टर, रक्त कमी आहे ते कशामुळे?”