गोळी जरूर बदला, पण काउंटरवर नको

मुर्रीपासून गोंदिया काही लांब नाही. तिथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लांब आहे तो डॉक्टरला "ही गोळी मला कशासाठी?" असे विचारण्याचा धीर. तो होत नाही म्हणून आपण मेडिकलच्या काउंटरवरच इलाज उरकतो.

माझ्या चाचांनी तेच केले. मेटफॉर्मिनने पोट बिघडते, अशी तक्रार त्यांनी दुकानदाराकडे केली. "ही घ्या, चांगली चालते," म्हणत त्याने ग्लिमेपिराइडची पट्टी दिली. चार दिवसांनी दुपारचे जेवण लांबले आणि चाचा घामाघूम होऊन थरथरत खाली बसले. साखर निघाली ४८. साखरपाणी पाजल्यावर सावरले. घरचे म्हणाले, नसीब. मी म्हणतो, नसीबाला यात ओढू नका. "नीम हकीम खतरा-ए-जान" ही म्हण आपणच सांगतो आणि आपणच विसरतो.

घरात दोन्हींना 'शुगरची गोळी'च म्हणतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरते. ती एकटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाणे क्वचितच घडते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. चाचांच्या पोटाची तक्रार खरी होती. पण जेवणासोबत गोळी घेणे, कमी डोसपासून सुरुवात करणे किंवा हळूहळू विरघळणारी गोळी घेणे, असे उपाय डॉक्टरकडे होते. कुणी विचारलेच नाही.

म्हणून 'जुनी गोळी सोडू नका' एवढेच सांगून मी थांबणार नाही. उलट बाजूची चूकही तेवढीच मोठी आहे. दहा-दहा वर्षे एकच मळकी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी नाही, क्रिएटिनिन नाही, लघवीतील प्रथिनांची तपासणी नाही. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन कमी करावी लागते, कधी बंदही करावी लागते. रिपोर्टच नसेल तर हे कळणार कसे?

"नवी औषधे पैसेवाल्यांची," हे उत्तरही आता शिळे झाले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पहिले पेटंट २०२० मध्ये संपले, सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये. स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या. डापा आणि एम्पा लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, शिवाय हृदय आणि किडनीलाही आधार देतात. पण त्या सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो, उलट्या-जुलाबात त्या थांबवाव्या लागतात. इथेच तर डॉक्टर हवा.

एक बदल आपल्या घरांत दरवर्षी होतो, तोही न विचारता. रमजान आला की सकाळची गोळी सेहरीला, रात्रीची इफ्तारला, असा हिशेब बुजुर्ग स्वतःच लावतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्ण डोसात सेहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहणे म्हणजे संकटाला आवतण. रमजान आणि मधुमेहावरची २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटायला सांगते. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असेही ती सांगते. आजाऱ्याला सवलत कुराणानेच दिली आहे. ती नाकारण्यात कसली बहादुरी?

डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. गोळी बदलताना कारण सांगा. दोन वाक्ये पुरतात. कारण न कळलेला रुग्ण शेजाऱ्याचे ऐकतो, नाहीतर 'महिन्यात शुगर मुळासकट खलास' म्हणणाऱ्या पावडरवाल्याचे.

आणि दोस्तांनो, हे काम तुमचे आहे. पट्टीवरची बारीक अक्षरे अब्बांना दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. पुढच्या वेळी सगळ्या पट्ट्या आणि रिपोर्ट एका पिशवीत घेऊन त्यांच्यासोबत जा. चार प्रश्न विचारा: ही गोळी का बदलली? जुनी बंद करायची की दोन्ही घ्यायच्या? जेवण चुकले तर काय करायचे? पुन्हा तपासणी कधी? उत्तरे चिठ्ठीवर मराठीत लिहा आणि चिठ्ठी घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा.

गोळी बदलणे हा अब्बांचा हक्क आहे. तो काउंटरवर नाही, डॉक्टरसमोर बसून बजावायचा.