पडायला परवडेल अशी बाइक

मंडळी, आमच्या हापिसात सध्या जेवणाच्या टेबलावर अप्रेझलनंतरचा दुसरा आवडता विषय म्हणजे ऑफ-रोडिंग. कोणी हिमालयन ४५० बुक केलीय, कोणी लडाखचा प्लॅन एक्सेलमध्ये मांडून बसलाय. मातीत बाइक चालवलेले त्यातले किती, असं विचारलं की शांतता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

माझं मत सरळ आहे. मातीत चालवायला शिकायचं असेल तर पहिलं वर्ष एखाद्या जुन्या, हलक्या आणि कमी ताकदीच्या गाडीवर काढा. उदाहरणार्थ हिरो इम्पल्स. २०११ साली आलेली, दीडशे सीसीची. ब्राझीलमध्ये होंडाची ब्रॉस नावाची बाइक आहे, तिच्या कुळातली. आपल्याकडे तेव्हा लोकांनी विचारलं, "हे काय, एवढी उंच आणि पॉवर एवढीशी?" चालली नाही, आणि कंपनीने ती केव्हाच बंद केली. नंतर २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली, तिचं मात्र कौतुक झालं. असो.

गेले दोन शनिवार-रविवार मित्राची इम्पल्स घेऊन मावळात होतो. त्याच्या ओळखीच्या एका मामांची जमीन आहे, त्यांना विचारूनच. भात कापून झालेला, खाचरं रिकामी, एक ओढा, आणि वर माळाकडे जाणारी मुरमाची बैलगाडीची वाट. शिकायला याहून जास्त काही लागत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. इम्पल्स १३४ किलो, हिमालयन ४५० भरते १९६ किलो. फरक ६२ किलोचा, म्हणजे जवळजवळ एक अख्खा माणूस. रस्त्यावर हा माणूस जाणवत नाही. ओढ्याच्या काठावर गाडी आडवी झाली की जाणवतो. पहिल्या दिवशी मी सहा वेळा आडवा झालो आणि सहाही वेळा एकट्याने गाडी उभी केली. एकदा क्लचचा लिव्हर वाकला, तो तिथेच दगडावर ठेवून सरळ केला, संपलं. हेच नव्या कोऱ्या, हप्ते चालू असलेल्या गाडीवर झालं असतं तर दुसऱ्या पडण्यानंतर मी घरी गेलो असतो. आणि खरी गोम इथेच आहे. ज्याला पडायची भीती वाटते तो अंग आखडून बसतो, हँडल घट्ट धरतो, नजर पुढच्या चाकावर ठेवतो. मग पडतोच.

मातीत नेमकं उलटं करायचं असतं. फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. गाडी तुमच्या खाली हवी तशी हलू दे, तुम्ही हलू नका. वाचायला सोपं आहे. मला ते जमायला दुसऱ्या शनिवारची दुपार उजाडली.

ताकदीचं म्हणाल तर तेरा हॉर्सपॉवर. मुरमाच्या चढावर हे इंजिन खालच्या आरपीएमला चक्क दम टाकतं. त्याला पहिल्या गिअरमध्ये गरगरत ठेवायचं आणि क्लच थोडा दाबून खेळवायचा. दोष म्हणा हवं तर, पण क्लच म्हणजे काय हे मला त्या चढाने शिकवलं. चाळीस हॉर्सपॉवरची गाडी तोच चढ तुमच्या चुकीसकट चढून जाते, आणि वर पोचल्यावर तुम्हाला वाटतं की आपल्याला येतं! ट्रॅक्शन कंट्रोलचंही तेच. मागचं चाक घसरणार हे पार्श्वभागाला आधी कळायला हवं, डॅशबोर्डवरच्या दिव्याला नंतर. (ऑटो-कंप्लीटशिवाय दहा ओळी न लिहू शकणारे आपल्या टीममध्येही असतात, त्यांची आठवण झाली.)

सगळं गोडगोड नाही. पुढचं चाक १९ इंची आहे, त्यामुळे मोठ्या दगडांवर ते एक्सपल्सच्या २१ इंची चाकासारखं सहज चढत नाही. ट्यूबचे टायर, त्यामुळे हवा कमी करायची पण फार नाही, नाहीतर रिम ट्यूबला चिमटते. पायाने मारायचा पंप सोबत हवाच.

आणि एक. माळ मोकळा दिसतो म्हणून तो आपल्या बापाचा नसतो. सड्यांवर खडकावर जेमतेम बोटभर माती असते, पावसात त्यातूनच फुलं उगवतात. तिथे उमटलेली टायरची चाकोरी लवकर बुजत नाही. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं तर १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे. शेतकऱ्याला विचारा, तो बहुतेक वेळा हो म्हणतो. मामांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "बांध तेवढा मोडू नका बाबांनो."

घ्यायचीच ठरवलीत तर इंजिनची चिंता करू नका. हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीममधल्या दीडशे सीसीच्याच घराण्यातलं आहे, गल्लीतल्या मेकॅनिकला पाठ असतं. प्लास्टिकचे भाग मिळणं अवघड, ते फुटलेले असतील तर किंमत पाडून मागा. स्पोक एकेक वाजवून बघा, हँडल डावी-उजवीकडे फिरवताना अडकतंय का बघा, खालून फ्रेमचा गंज बघा. आणि आरसी हातात घेऊन तारीख वाचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०११ च्या गाड्यांची मुदत २०२६ मध्ये भरते. नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च सौद्यात विकणाऱ्याच्या बाजूला टाका.