नंतर म्हणजे कधी?

रविवारी सकाळी (तुमच्याकडे संध्याकाळी) ताईशी फोन झाला. भाची नववीत आहे. शाळेच्या गॅदरिंगला पंचवीस मिनिटांचं नाटक बसतंय, त्यात तिला म्हातारीचं काम मिळालं होतं. 'होतं' म्हणायचं, कारण ताईने शाळेत चिठ्ठी पाठवून तिचं नाव काढून घेतलं. तालमी महिनाभर चालणार आणि त्याच महिन्यात क्लासची फाउंडेशनची परीक्षा. "नाटक काय गं, नंतरही करता येईल," इति ताई. मग भाची फोनवर आली. "मावशी, ठीक आहे गं, तसंही छोटंच काम होतं," म्हणाली. तिचं ते समजूतदार 'ठीक आहे' ऐकून मला जास्त राग आला. तो ताईवर निघू नये म्हणून हा लेख. म्हणजे निघेलच, पण जरा व्यवस्थित.

तर, नंतर म्हणजे कधी? नववीनंतर दहावी. दहावीनंतर अकरावी-बारावी, म्हणजे जेईई नाहीतर नीट. त्यानंतर इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष. पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, १९६३ पासून आहे, त्यातून किती मोठी माणसं आली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तिथे तालमीच्या हॉलमध्ये पाऊल कोण टाकतं? ज्याला आधीपासून चटक लागलेली असते तो. बाकीचे दारातून डोकावून जातात. मी डोकावून गेलेल्यांपैकी. आठवीत एक नाटक केलं, मग आमच्याही घरी 'नंतर' आलं. त्यानंतर थेट पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या कॉन्फरन्सला स्टेजवर उभी राहिले आणि वीस मिनिटं पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचून दाखवल्या. काम चांगलं होतं, बरं का. पण तिथल्या कोणाला ते कळलं असेल असं वाटत नाही.

आता इकडचं सांगते. आमच्या गावच्या पब्लिक हायस्कूलने गेल्या वसंतात 'फिडलर ऑन द रूफ' केलं. रशियातल्या झारच्या काळातलं ज्यू लोकांचं खेडं, गरीब दूधवाला तेव्ये आणि त्याच्या पाच मुली. ब्रॉडवेवर १९६४ साली आलेलं हे नाटक इथल्या शाळा वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. शेजारचा मुलगा त्यात प्रकाशयोजनेला होता, आणि सेट बांधायला मोठी माणसं हवी होती, म्हणून मी शनिवारी-शनिवारी जायला लागले. इंजिनियर आहे म्हटल्यावर मला तेव्येच्या घराची चाकं दिली. घर ढकलत आणायचं आणि नाच चालू असताना ते हलता कामा नये. मी ब्रेकवाली चाकं सुचवली, किंमतीसकट. बजेट नव्हतं. मुलांनी दोन लाकडी पाचरी मारल्या आणि काम भागवलं. माझ्या डिझाइनपेक्षा बरं चाललं ते. असो.

मला चकित केलं ते अभिनयाने नाही. अभिनय यथातथाच होता, दाढ्या तर चक्क निघत होत्या. चकित केलं ते स्टेज मॅनेजरने. सोळा वर्षांची मुलगी. कानाला हेडसेट, समोर जाडजूड बाड, त्यात प्रत्येक दिव्याचा, प्रत्येक पडद्याचा, प्रत्येक आवाजाचा नंबर. तिने 'गो' म्हटल्याशिवाय इकडची काडी तिकडे होत नाही. आणि नाटक बसवणारे सर कुठे? प्रेक्षकांत! प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकाची सत्ता संपते, हा रंगभूमीचा रिवाज शाळेतही पाळतात. आपल्याकडच्या गॅदरिंगमध्ये विंगेत चार बाई, दोन सर आणि एक मुख्याध्यापक असतात, आणि सगळे एकाच वेळी हातवारे करत असतात.

शेजारचा मुलगा मुलखाचा अबोल. त्याची आई म्हणते, वर्गात हात वर केलेला तिला आठवत नाही. दुसऱ्या प्रयोगाला त्याने चुकीचं बटण दाबलं आणि भर प्रवेशात मिट्ट काळोख झाला. चारएकशे प्रेक्षक. तेव्ये झालेला मुलगा अंधारातच काहीतरी देवाशी बोलला (तेव्ये देवाशी बोलतोच, त्यामुळे खपलं), लोक हसले, दिवे आले. प्रयोगानंतर स्टेज मॅनेजरने तिच्या रोजच्या अहवालात एका ओळीत ते लिहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी 'होतं असं' म्हणून पाठही थोपटली नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो त्याच खुर्चीत येऊन बसला आणि आधी सगळे क्यू एकदा कोरडे चालवून बघितले. शेवटच्या प्रयोगानंतर सेट मोडायला सगळे थांबतात, तेव्येसुद्धा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. तेव्हा तो इतर मुलांना कुठली केबल आधी काढायची ते मोठ्याने सांगत होता. मोठ्याने!

परीक्षेत चूक होते ती तुमची एकट्याची असते, महिन्याने आकड्याच्या रूपाने परत येते आणि तोवर तुम्ही पुढच्या धड्यावर असता. नाटकात चूक चारशे लोकांसमोर होते, तिने दुसऱ्याची अडचण होते आणि पुढचं वाक्य तरीही यावंच लागतं. माझ्या प्रयोगशाळेतलं रोजचं काम या दोन्हींपैकी कशासारखं आहे? तुम्हीच ओळखा.

मार्चिंग बँडचंही तेच. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते, आणि बँडमधलं पोर पाच यार्डांत बरोबर आठ पावलं टाकतं. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. हातात ट्रंपेट, नजर समोर, आणि प्रत्येकाला कागदावर दिलेला स्वतःचा बिंदू. एक जण चुकला की गॅलरीतून अख्खी आकृती वाकडी दिसते. ऑगस्टच्या उन्हात शाळा उघडायच्या आधीपासून हे सुरू होतं. याला 'एक्स्ट्रा' म्हणणाऱ्याने एकदा ते करून बघावं.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत, आमच्या घरीच तयार होतात.

'अमेरिकेत स्पर्धा नसते, त्यांना परवडतं.' कोणी सांगितलं? चांगल्या कॉलेजांसाठी इथली मुलंही रात्री जागतात. फरक एवढाच की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला जायचं तर हायस्कूलमध्ये वर्षभर एक कलाविषय घेतलेला असावाच लागतो. संगीत, नाटक, नृत्य किंवा चित्रकला. गणिताशेजारी तो अटींच्या यादीत बसलेला आहे.

'पैसा.' हा खरा आक्षेप आहे, आणि इथे अमेरिकेची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. इथल्या शाळांचा बराच पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणजे श्रीमंत वस्तीच्या शाळेला झकास नाट्यगृह आणि गरीब वस्तीत संगीताचा शिक्षकही नाही. २००२ साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला, वाचन आणि गणिताच्या वार्षिक चाचण्या आल्या, आणि अनेक शाळांनी वेळ कापला तो कलेचाच. पालकही काही कमी नाहीत. २००५-०६ च्या शालेय वर्षात मिझुरीतल्या फुल्टन गावी हायस्कूलने केलेल्या 'ग्रीस' वर तक्रारी आल्या, तर घाबरून पुढचं 'द क्रूसिबल' रद्द केलं गेलं. खोट्या आरोपांनी गाव कसं पिसाळतं यावरचं नाटक! पण ताईच्या शाळेत नाटक बसतंयच ना? हॉल आहे, बाई आहेत, साड्यांचे पडदे आहेत. अडलं आहे ते पैशांवाचून नाही.

'उपयोग काय? पुरावा दे.' देते, पण जपून. टोरोंटो विद्यापीठाच्या शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले. कीबोर्ड, गाणं, नाटक आणि काहीच नाही. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला. नाटकवाल्यांचा तसा वाढला नाही, पण त्यांचं सामाजिक वागणं सुधारलं. गोल्डस्टीन आणि विनर यांच्या २०१२ च्या अभ्यासात वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची समानुभूती इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. पहिला प्रयोग लहानांवरचा आहे आणि दुसऱ्यात मुलांनी अभिनय आपणहून निवडलेला होता, हे मी लपवणार नाही. याच एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली जुने अभ्यास एकत्र तपासले आणि स्पष्ट सांगितलं की वर्गातल्या नाटकाने भाषिक कौशल्यं वाढतात, पण कलेने एकूण मार्क वाढतात या दाव्यात दम नाही.

मला हे फार आवडलं. कारण नाटक गणितासाठी करायचं ठरलं तर ज्या दिवशी क्लास गणितासाठी जास्त उपयोगी ठरेल त्या दिवशी नाटक बंद! इकडचे आपले मराठी आईबाप हेच करतात. 'अ‍ॅप्लिकेशनवर छान दिसतं' म्हणून मुलाला बँडमध्ये घालतात आणि अर्ज गेला की क्लॅरिनेट माळ्यावर. तुमच्याकडे दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात. गुण देऊ नयेत असं नाही म्हणत, पण गुणांसाठी धरलेली कला गुण मिळताच सुटते, हे आपण सगळे जाणतो.

आणि गॅदरिंगला आपण जे वाढवून ठेवलंय ते? बाहेरून कोरिओग्राफर आणायचा, सिनेमाची गाणी लावायची, चाळीस मुलं एकसारख्या चमकदार कपड्यांत, समोर मोबाइल धरलेले पालक. ते मुलांचं नसतंच. म्हणून तर ताईच्या शाळेतल्या बाईंचं मला कौतुक वाटतं, ज्या डिसेंबरात पंचवीस मिनिटांचं खरं नाटक बसवतायत, आणि नववीच्या वर्गातून म्हातारी शोधतायत.

ताई, तू हे वाचणार आहेसच. तालीम साडेपाचला सुटते आणि क्लास साडेसहाला आहे, हे मी भाचीकडून काढून घेतलं. मधलं अंतर नकाशावर बघितलं, चालत अठरा मिनिटं. म्हातारीचं काम अजून कोणाला दिलेलं नाही. काठी तिने आजीची घेतली होती, ती अजून तिच्याच खोलीत आहे.