नोबेलच्या पुढची ओळ

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शार्ल रिशे एका ओळीत भेटतात: ॲनाफिलॅक्सिसचा शोध, १९१३ चं नोबेल. पास व्हायला तेवढं पुरतं. वर्गावर इतिहासाची आवड असलेले सर असलेच, तर हा फ्रेंच शास्त्रज्ञ युद्धविरोधी चळवळीतही होता ही दुसरी ओळ कानावर पडते. तिसरी ओळ कुणी सांगत नाही. कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत हयात घालवून निवृत्त झालेली मी एक डॉक्टर, आणि माझं भांडण त्या न सांगितलेल्या ओळीबद्दल आहे.

पहिली ओळ आमच्या पोटापाण्याची, म्हणून आधी ती. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या संशोधन-जहाजावर रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी फिझेलियाचं विष अभ्यासायला घेतलं. फिझेलिया म्हणजे पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे पडलेले दिसतात ना, तेच. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी सी ॲनिमोनचं विष कुत्र्यांना टोचायला सुरुवात केली. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिल्या डोसाने हललाही नाही. बावीस दिवसांनी तेवढाच डोस पुन्हा दिला, तर काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो आडवा झाला, रक्त ओकला आणि पंचवीस मिनिटांत मेला. विषाची थोडी सवय झाली की शरीर तगडं होतं, ही तोवरची समजूत. इथे शरीराची स्वतःची तयारीच त्याच्या जिवावर उठली होती. हाच ॲनाफिलॅक्सिस.

भाताच्या कापणीत फुरसं चावलेला गडी दाखल झाला की आम्ही सर्पविषाची लस सलाईनमधून सुरू करतो. ती घोड्याच्या रक्तापासून बनते. (इथे पहिल्याच डोसालाही रिॲक्शन येते, रिशेंच्या बावीस दिवसांची वाट बघत नाही.) आधी रुग्ण मान खाजवतो, मग छातीवर गांध्या उठतात, ओठ जड होतात, नाडी हाताला लागेनाशी होते. म्हणून ‘सिस्टर, ॲड्रेनालिन भरून ठेवा’ हे वाक्य बाटली लावायच्या आधीच तोंडातून निघतं. मांडीत अर्धा मिली गेलं की बहुतेक वेळा माणूस परत येतो. ही शहाणीव त्या कुत्र्यापासून सुरू झाली. ते ऋण मी नाकारत नाही.

दुसरी ओळही खोटी नाही. देशादेशांतले तंटे लवादाने मिटवावेत, असं म्हणणाऱ्या फ्रेंच संस्थेचं अध्यक्षपद रिशेंनी सांभाळलं, युद्ध आणि शांततेवर पुस्तकं लिहिली. तेव्हा हे सोपं नव्हतं. १९१४ मध्ये जर्मनीच्या लष्कराची पाठराखण करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर एमिल फॉन बेरिंग आणि पाउल एर्लिश या दोघांच्याही सह्या होत्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचे दोन थोर पुरुष. उलट पत्रक काढणारे बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ गेऑर्ग निकोलाई यांच्यामागे आइन्स्टाइन धरून जेमतेम तिघे उभे राहिले. युद्ध संपल्यावरही निकोलाईंना बर्लिनमध्ये शिकवू दिलं नाही. ते दक्षिण अमेरिकेत गेले.

आता तिसरी. १९१९ मध्ये, युरोपात अजून कबरी खोदणं चालू असताना, याच रिशेंचं मानवी निवडीवरचं पुस्तक आलं. त्यात वंशांची उतरंड आहे, काळे आणि पिवळे खालच्या पायऱ्यांवर. आधी ‘हलके’ वंश बाजूला काढा, मग व्यंग घेऊन जन्मलेली मुलं, असा क्रम त्यात मांडलेला आहे. १९२० पासून काही वर्षं ते फ्रान्सच्या सुप्रजननवादी संस्थेचे अध्यक्षही होते. परलोकविद्येच्या त्यांच्या नादावर लोक हसतात, एक्टोप्लाझम हा शब्दही त्यांचाच. हसा खुशाल. त्या भुतांनी कुणाचं घर बुडवलं नाही.

यावर ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस त्याच काळातले. वंशांच्या उतरंडीला शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी १९११ मध्येच पुस्तकात मांडलं आणि अमेरिकेच्या युद्धात उतरण्यालाही विरोध केला. दोन्ही गोष्टी एका डोक्यात मावत होत्या.

रिशेंची शांतता आणि त्यांचं हे पुस्तक यांत विसंवाद आहे, असंही मला वाटत नाही. लवादापुढे जायला आधी राष्ट्र म्हणून मान्यता लागते. वसाहतींना ती नव्हती. भारत राष्ट्रसंघाचा सदस्य होता खरा, पण त्याचे प्रतिनिधी इंग्रज सरकार निवडायचं. गोऱ्या राष्ट्रांनी आपसांत लढू नये, एवढ्यापुरती ती शांतता होती. बाकीच्यांचं काय करायचं ते १९१९ च्या पुस्तकात आहे.

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात वैद्यकीय नीतिमत्ता रीतसर आली आहे. मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: ॲनाफिलॅक्सिसच्या तासाला शेवटची दहा मिनिटं काढा, आणि फळ्यावर १९१३ च्या खाली १९१९ लिहा.